कचऱ्याने तारलेली ट्रक कंपनी

ब्रिटनमध्ये एकेकाळी ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांची नुसती रांग होती. एईसी, स्कॅमेल, फोडेन, ईआरएफ, लेलँड. साउथहॉलचा एईसीचा कारखाना १९७९ ला बंद पडला, वॉटफर्डची स्कॅमेल १९८८ ला, फोडेन २००६ ला, आणि लेलँडचं नाव आज आपल्याकडे तरी अशोक लेलँडमुळेच ऐकू येतं. या सगळ्यांच्या पंगतीतली डेनिस मात्र अजून स्वतःच्या चॅसीवर (म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) स्वतःची केबिन बसवून ट्रक विकतेय, मुख्यतः एकाच कामासाठी: घरोघरचा कचरा उचलायला.

जॉन आणि रेमंड डेनिस या दोन भावांनी १८९५ ला गिल्डफर्डमध्ये सायकलींपासून सुरुवात केली. नंतर मोटर लावलेली ट्रायसिकल केली, ती गावच्या चढावरून इतक्या जोरात पळवली की जॉनला दंड झाला, आणि या पठ्ठ्याने त्या दंडाचीच जाहिरात केली! मग कार, मग लॉऱ्या. १९०८ ला पहिला आगीचा बंब, पहिल्या महायुद्धात सैन्याला हजारो लॉऱ्या, आणि युद्ध संपल्यावर नगरपालिकांसाठी कचरागाड्या, मैला उपसायच्या गाड्या, अगदी गवत कापायची मशीनंसुद्धा. म्हणजे पालिकेचं गिऱ्हाईक धरून ठेवायची सवय तेव्हापासूनची.

पण नुसती सवय कामाला येत नाही. माझ्या मते खरी गंमत आहे ती कचरागाडीच्या कामातल्या फिजिक्समध्ये, कारण हे काम नेहमीच्या ट्रकला झेपणारं नाहीच. हायवेवरचा ट्रक एकदा वेग पकडला की तासन् तास तसाच जातो, त्याचं इंजिन, गिअर, ब्रेक सगळं त्या हिशोबाने केलेलं असतं. कचरागाडी पंधरा-वीस मीटर जाते आणि थांबते, परत निघते, परत थांबते. जरा आकडेमोड करू. गाडीचं सरासरी वजन २० टन धरा, दोन घरांच्या मधला वेग ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. गतिज ऊर्जा आली अडीच लाख ज्यूल. प्रत्येक थांब्याला ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया. दिवसाला हजार थांबे धरले तर जवळपास ७० युनिट, तेच आपल्या लाईट बिलातले युनिट, नुसते ब्रेक तापवण्यात गेले. आणि हजार वेळा थांबायचं म्हणजे हजार वेळा परत निघायचंही, म्हणून या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लागतो, क्लच असा दिवस काढूच शकणार नाही.

दुसरी गोष्ट केबिनची. नेहमीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर इंजिनच्या वर बसतो, आत जायला तीन-चार पायऱ्या. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला काय, दिवसातून चार-पाच वेळा चढला उतरला की झालं. कचरा उचलणारी पोरं मात्र सारखी चढ-उतार करतात. एक मीटर उंची आणि दोनशे फेऱ्या धरल्या तरी ६५ मजली बिल्डिंग चढून उतरल्यासारखं झालं, आणि गुडघ्याची वाट चढताना नाही तर खाली उडी मारताना लागते. डेनिसने एलिट नावाच्या गाडीत केबिनच खाली आणली, एका पायरीत आत, आतली जमीन सपाट, म्हणजे रस्त्याच्या बाजूला न उतरता सरळ फुटपाथकडून उतरता येतं. मोठमोठ्या काचांमुळे शेजारचा सायकलवाला ड्रायव्हरला थेट दिसतो, आरशात शोधावा लागत नाही. लंडनने १२ टनांवरच्या ट्रकना ड्रायव्हरला बाहेरचं किती दिसतं यावर शून्य ते पाच स्टार द्यायला सुरुवात केली आणि मार्च २०२१ पासून त्यावर परमिटची सक्ती केली, तेव्हा ही बुटकी केबिन आयतीच फायद्यात आली.

मागचा भाग तर बघत उभं राहावं असा. डबा उचलून कचरा मागच्या कुंडात पडतो, वरून एक जाड लोखंडी प्लेट खाली सरकते, खालची झडप कचरा आत ओढते आणि मग दोन्ही मिळून तो वर दाबत पेटीत कोंबतात. पेटीत समोरून आणखी एक भिंत उलटा जोर देत असते आणि कचरा वाढेल तशी हळूहळू केबिनकडे सरकत जाते. तीच भिंत शेवटी सगळा माल मागून बाहेर ढकलते, म्हणून पेटी डंपरसारखी उचलावी लागत नाही. सुरुवातीला सगळं वजन मागच्या टोकाला, त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलवर किती भार येतोय यावर डोळा ठेवावा लागतो. २६ टनी गाडीचा तर सगळ्यात मागचा अ‍ॅक्सलही वळतो, नाहीतर जुन्या ब्रिटिश गल्ल्यांमध्ये ती वळायचीच नाही.

इतकं दाबायची गरज का पडली, तेही मजेशीर आहे. पूर्वी तिकडे घरोघरी कोळशाच्या शेगड्या, कचरा म्हणजे मुख्यतः राख, जड पण जागा कमी खाणारी, आणि कागद-चिंध्या बऱ्याचशा शेगडीतच जायच्या. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शेगड्या कमी होत गेल्या, राख घटली, पॅकिंगचा कचरा वाढला. वजनाला हलका, पण गाडी अर्ध्या रस्त्यात भरायला लागली.

१९७२ ला हेस्टेअर नावाच्या ग्रुपने डेनिस विकत घेतली, त्यांच्याचकडे कचऱ्याच्या पेट्या बनवणारी वॉरिकची ईगल होती, पुढे दोघींची मिळून डेनिस ईगल झाली. बसवाली शाखा वेगळी होऊन अलेक्झांडर डेनिसमध्ये गेली, बंब २००७ ला बंद झाले. आज मालकी टर्बर्ग रोसरोकाकडे, इंजिन व्होल्वोचं. घरचं इंजिन नाही म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत, मला तरी हा शहाणपणा वाटतो, जे दुसरा चांगलं बनवतो ते विकत घ्यावं आणि डोकं केबिन-चॅसीत घालावं. मोठ्या कंपन्यांना एवढ्याशा बाजारासाठी खास केबिन काढणं परवडत नाही, तिथेच यांचं फावतं.

आता ई-कलेक्ट ही त्यांची बॅटरीवरची गाडी आलीये, साधारण ३०० युनिटची बॅटरी. मगाशी वाया गेलेल्या त्या ७० युनिटांपैकी बराच भाग मोटर उलटी जनरेटरसारखी चालवून परत बॅटरीत घेता येतो. रोज ठरलेला रस्ता, रात्री डेपोत चार्जिंग, त्यामुळे रेंजची चिंता कमी. पण तो कचरा दाबायचा पंप मात्र त्याच बॅटरीवर दिवसभर चालतो, आणि बॅटरीच्या वजनामुळे कचरा काहीसा कमी भरावा लागतो.