तांबी : रजोनिवृत्तीच्या काळातील वापर

गर्भाशयात बसवलेले गर्भनिरोधक साधन चाळिशीनंतर पाळी कायमची थांबेपर्यंत वापरणे आणि योग्य वेळी काढणे, हा या नोंदीचा विषय आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शहरात काय आणि चंदगड-आजऱ्याच्या वाड्यांत काय, या साधनाला तांबीच म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) अशा सरकारी ठिकाणी ती मोफत बसवली जाते. सरकारी कार्यक्रमात दोन प्रकार आहेत : १० वर्षे चालणारी कॉपर-टी ३८० ए आणि ५ वर्षे चालणारी कॉपर ३७५. नावातला आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचा आहे, चौरस मिलिमीटरमध्ये. हे तांबे शुक्रजंतूंना निकामी करते. अंडाशयाच्या कामात किंवा शरीरातील हॉर्मोनमध्ये ते ढवळाढवळ करत नाही. त्यामुळे तांबी असली तरी पाळी आपल्या वेळेला लांबते, चुकते आणि शेवटी जाते.

पाळी अनियमित झाली की आता दिवस राहत नाहीत, असे अनेक घरांत धरून चालतात. ते खरे नाही. या वयात अंडोत्सर्ग (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) दर महिन्याला होत नाही, पण अधूनमधून होतच असतो. चार महिने पाळी आली नाही तर ‘गेली असेल’ म्हणून कोणी तपासणी करत नाही आणि पोट दिसू लागल्यावर दवाखाना गाठला जातो. चाळिशीनंतरच्या गर्भारपणात रक्तदाब, मधुमेह आणि गर्भपात यांचा धोका वाढलेला असतो. नसबंदी झालेल्या स्त्रीला ही काळजी नसते. महाराष्ट्रात स्त्री-नसबंदी ही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे, त्यामुळे तांबीवर विसंबून चाळिशी ओलांडणाऱ्या स्त्रिया संख्येने कमी आहेत आणि त्यांच्या प्रश्नांकडे लक्षही तितकेच कमी जाते. लग्न उशिरा झालेल्या, ऑपरेशनला नकार दिलेल्या किंवा रक्तदाबामुळे गोळ्या न चालणाऱ्या स्त्रिया त्यांत असतात.

तांबी कधी काढायची, याचा हिशेब शेवटच्या पाळीवरून होतो. ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यानंतर १ वर्ष आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर २ वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवावे. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. म्हणजे कोल्हापूरच्या बहुतेक बायकांना दोन वर्षांचाच नियम लागू पडतो. एक वर्ष झाले की मोकळे, हा सर्रास दिला जाणारा सल्ला त्यांच्यासाठी अपुरा आहे. त्याच सूचनांप्रमाणे चाळिशीत किंवा त्यानंतर बसवलेली, किमान ३०० चौ. मिमी. तांब्याची तांबी न बदलता रजोनिवृत्तीपर्यंत ठेवता येते. आपल्याकडे मात्र कार्डावर छापील मुदतच लिहिलेली असते, म्हणून मुदत संपल्यावरही ठेवायची असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

या हिशेबात एक गोष्ट हमखास घोळ घालते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला किंवा घरच्या लग्नकार्याला पाळी आड येऊ नये म्हणून औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. गोळ्या थांबवल्यावर जो रक्तस्राव होतो तो गोळीने घडवलेला असतो. त्याला पाळी धरले तर दोन वर्षांची मोजणी उगाच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उलट, गोळ्यांमुळे लांबलेल्या दिवसांना ‘पाळी गेली’ म्हणणेही चूकच. डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल न विसरता सांगावे.

रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत अंगावरून जास्त जाणे नेहमीचे आहे, आणि तांब्याच्या तांबीने स्राव व पोटदुखी आणखी वाढू शकते. रक्त कमी असलेल्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला हे झेपत नाही. अशा वेळी सर्रास ‘पिशवी काढून टाका’ हा उपाय सांगितला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पिशवी काढलेल्या स्त्रियांनी सर्वाधिक सांगितलेले कारण अतिरक्तस्राव हेच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. बीडच्या टोळ्या गळीत हंगामात कोल्हापूरच्या फडांतही येतात. पिशवी काढल्यावर अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता असते. इतके टोकाला जाण्याआधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिनची तपासणी आणि गरज पडल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासणे हे प्रत्येक बाईला मिळायलाच हवे.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हॉर्मोन हळूहळू सोडणारे साधन, मिरेना या नावाने अधिक माहीत असलेले, अशा रक्तस्रावावर फार गुणकारी आहे. त्यात ५२ मिलिग्रॅम औषध असते. त्याने अस्तर पातळ होते, स्राव पुष्कळ कमी होतो आणि अनेकींचे ऑपरेशन टळते. नसबंदी झालेल्या स्त्रीलाही ते या कारणासाठी बसवता येते. ४५ व्या वर्षी किंवा नंतर बसवले तर गर्भनिरोधनासाठी ५५ पर्यंत पुरते. त्याच्यामुळे पाळीच बंद होऊ शकते, म्हणून इथे पाळीवरून रजोनिवृत्ती ओळखता येत नाही. पन्नाशीनंतर एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे हॉर्मोन) मोजणाऱ्या रक्ततपासणीचा आधार घेतला जातो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन उपचार चालू असतील तर अस्तराच्या रक्षणासाठी हेच साधन चालते, पण दर ५ वर्षांनी बदलावे लागते. हॉर्मोन उपचार स्वतः गर्भनिरोधक नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते काढणे. तांबी बसवल्याची नोंद रजिस्टरमध्ये होते, आशाताई पाठपुरावा करतात. पंधरा वर्षांनी ती काढली का, हे विचारायला कोणी येत नाही. त्रास नाही म्हणून ती तशीच राहते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, गर्भाशय आकसते, त्याचे तोंड अरुंद होते आणि तांबीचा दोरा आत ओढला जातो. तेव्हा काढणे दुखरे आणि अवघड होते. राहिलेल्या तांबीमुळे जंतुसंसर्ग होऊन गर्भाशयात पू होऊ शकतो. दोरा दिसत असेल तर काढायला काही मिनिटे पुरतात आणि भूल लागत नाही. दोरा दिसत नसेल तर आधी सोनोग्राफी, तिथे तांबी न सापडल्यास पोटाचा एक्स-रे आणि शेवटी दुर्बिणीने काढणे, असा क्रम असतो. तांबी छातीपर्यंत चढते ही भीती निराधार आहे. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडून ती पोटाच्या पोकळीत जाण्याचा प्रकार घडतो, पण तो हजारात एखादा.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडेसेही रक्त दिसले तर त्याचा दोष तांबीवर ढकलू नये. कर्करोग नाही ना, याची तपासणी आधी झाली पाहिजे, आणि त्याच भेटीत तांबीही काढून घेता येते.