जुन्या संगणकाचा एम्युलेटर डेबियनमध्ये द्यायचाय? पात्रता, रॉमची परवानगी आणि लागणारे कागद

एम्युलेटरचं पॅकेज बनवून डेबियनला, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त लिनक्स प्रणालीला, देण्यासाठी कुठल्याही कचेरीत जावं लागत नाही. शुल्क शून्य. वय, शिक्षण, नागरिकत्व यांची अट नाही. पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत फेऱ्या मारलेल्या गोंयकाराला हे पटायला जड जाईल, पण फर्मागुढीच्या कॉलेजातली विद्यार्थिनी आणि मडगावचा निवृत्त बँक कर्मचारी इथे सारखेच पात्र आहेत. कागद मात्र तपासले जातात, आणि कसून. पॅकेजमधली प्रत्येक फाइल वाटण्याचा हक्क कुणी दिला, हे त्यांतून दिसावं लागतं.

एम्युलेटर वेगळा, रॉम वेगळी

गोंधळ सुरू होतो तो इथेच. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा, आज कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम. रॉम म्हणजे मूळ यंत्रातल्या चिपमध्ये कंपनीनं भरलेला कोड. पहिल्याचा परवाना मुक्त असला म्हणून दुसऱ्याचा होत नाही. कमोडोर ६४चा एम्युलेटर व्हाइस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, तरी डेबियनच्या पॅकेजात कमोडोरच्या रॉम नाहीत आणि पॅकेज ‘कॉन्ट्रिब’ विभागात बसलेलं आहे.

विभाग तीन लक्षात ठेवा. ‘मेन’मध्ये जायचं तर कोड मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता, वाटता आणि विकता येईल असा, हवाच, शिवाय त्याला चालण्यासाठी मेनच्या बाहेरचं काही लागता कामा नये. कोड मुक्त, पण बाहेरच्या रॉमवाचून उपयोग नाही, असं असेल तर कॉन्ट्रिब. ‘नॉन-फ्री’मध्ये वाटण्याची परवानगी आहे पण मुक्ततेचे निकष पुरे होत नाहीत अशा वस्तू जातात. नॉन-फ्री म्हणजे अडगळीची खोली असं बरेच जण समजतात. तसं नाही. वाटण्याची परवानगीच नसेल तर तिथेही जागा नाही.

एकाच यंत्रात हा फरक बघायचा असेल तर सिंक्लेअरचा जुना घरगुती संगणक झेडएक्स स्पेक्ट्रम घ्या. अ‍ॅमस्ट्रॅडनं १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला. १९९९ मध्ये कंपनीच्या वतीनं जाहीर सांगण्यात आलं की कॉपीराइटची ओळ न बदलता रॉम एम्युलेटरसोबत द्यायला हरकत नाही. एवढ्यावर त्या रॉमचं पॅकेज डेबियनच्या नॉन-फ्रीमध्ये गेलं. फ्यूज हा एम्युलेटर मात्र मेनमध्ये आहे, कारण ओपनएसई बेसिक नावाची मुक्त पर्यायी रॉम उपलब्ध आहे. अटारी एसटी या संगणकासाठी एमूटॉस, एमएसएक्स जातीच्या संगणकांसाठी सी-बायोस अशीच कामं करतात. तुमच्या यंत्रासाठी असा पर्याय आहे का, हे सगळ्यांत आधी शोधा. सापडला तर पुढचा निम्मा पत्रव्यवहार वाचतो.

एम्युलेटरच्या कोडची झडती

वरची परवाना फाइल वाचून थांबू नका. जुन्या एम्युलेटरांमध्ये प्रोसेसरचा गाभा एकाकडून, ध्वनीचिपचा कोड दुसऱ्याकडून उचललेला असतो. झेड-८० या जुन्या प्रोसेसरचा पूर्वी बराच पसरलेला एक गाभा व्यावसायिक वितरणाला मनाई करतो. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’, ‘विकू नये’ अशी ओळ एका फाइलीत जरी सापडली, तरी ती फाइल डेबियनच्या निकषांत नापास. आर्केड खेळांच्या यंत्रांचा एम्युलेटर मेम, हा मोठा प्रकल्पही वर्षानुवर्षं याच कारणानं मेनच्या बाहेर होता. जुन्या योगदानकर्त्यांच्या संमत्या गोळा करून त्यांनी २०१६ मध्ये परवाना बदलला, तेव्हा वाट मोकळी झाली.

लायसन्सचेक नावाचं साधन फाइलींच्या डोक्यावरचे मजकूर गोळा करून देतं. ते चुकतंही, म्हणून शेवटी डोळे लागतात. आणि ही झडती प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा. सिम-एच या मिनिकॉम्प्युटरांच्या एम्युलेटरात २०२२ मध्ये परवान्याला नवी अट चिकटली. त्यावरून वाद होऊन ओपन सिम-एच हा वेगळा फाटा निघाला.

परवानगीचं पत्र

रॉम द्यायचीच असेल तर मालकाची लेखी परवानगी लागते. खरी मेहनत इथे आहे. पत्राला ‘होय, खुशाल वापरा’ असं उत्तर आलं की माणूस हरखून जातो. ते उत्तर डेबियनच्या कामाचं नसतं.

सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं उदाहरण घ्या. २००१ मध्ये लिनिओ या तेव्हाच्या मालक कंपनीनं सीपी/एम वाटायची परवानगी दिली, पण शब्दांत एकाच संकेतस्थळाचं नाव होतं. बाकीच्यांना ती लागू आहे का, यावर वीसेक वर्षं नुसती चर्चा. २०२२ मध्ये, हक्क पुढे ज्यांच्याकडे आले त्या डीआरडॉस इन्कॉर्पोरेटेडच्या अध्यक्षांनी परवानगी सर्वांसाठीच आहे असं स्पष्ट केलं, तेव्हा गाठ सुटली.

म्हणून पत्रात मागणी अशी करा की परवानगी ‘तुम्हाला’ किंवा ‘डेबियनला’ न मिळता ‘कोणालाही’ मिळेल. डेबियनचे निकष तर डेबियनपुरता परवाना सरळ नाकारतात. नक्कल करणं, वाटणं, बदल करणं, बदललेली प्रत वाटणं आणि विकणं, ही पाचही क्रियापदं लिहा. विकण्याचा शब्द पाहून मालक बिचकतात; त्यांना समजावून सांगा की सीडीवर भरून पैसे घेणाऱ्यालाही हे लागू होतं म्हणून तो हवा. फाइलींची नावं, आवृत्ती आणि चेकसम (फाइल ओळखायचा आकडा) जोडा, म्हणजे नेमकी कोणती रॉम यावर नंतर वाद नको. सगळ्यांत उत्तम म्हणजे मालकानं एमआयटी किंवा बीएसडी अशा ओळखीच्या परवान्याचं नाव घेऊन एका वाक्यात संमती देणं. स्वतः परवाना रचायचा मोह त्यांना होऊ देऊ नका.

मालक भारतीय असेल तर आणखी एक खाच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९ आणि ३०अ प्रमाणे परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे शब्द हवेतच. परवानगी लेखी असली पाहिजे. स्टँप पेपर किंवा नोटरीचा आग्रह डेबियन धरत नाही; पूर्ण हेडरसकट (कुणी, कधी, कुठून पाठवली या नोंदींसकट) जपलेली ईमेल चालते.

समोरचा खरंच मालक आहे का, हेही विचारा. ब्रँडचं नाव एकाकडे आणि कॉपीराइट दुसऱ्याकडे असणं या क्षेत्रात नेहमीचंच. कमोडोरच्या १९९३पर्यंतच्या सॉफ्टवेअरचे हक्क क्लोआंटो या कंपनीकडे गेले, नाव भलतीकडे. मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये ६५०२ प्रोसेसरसाठीचं आपलं बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचं सॉफ्टवेअर एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. त्यानं कमोडोर ६४ची कर्नल ही वेगळी रॉम खुली झाली नाही.

‘कंपनी बुडाली, आता कोण विचारतो’ हा युक्तिवाद टिकत नाही. अबँडनवेअर, म्हणजे मालकानं वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर, हा शब्द भारतीय कायद्यात नाही. अगदी निनावी कामालाही प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असल्यानं १९८२ची रॉम २०४३च्या आधी मोकळी व्हायची नाही. कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रतीवरून स्वतःसाठी नक्कल करायची सूट आहे, पण ती तुमच्या घरापुरती. मालक सापडत नसेल तर कलम ३१अ खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो अर्जदाराला मिळतो, जगाला नाही. पॅकेजसाठी त्या वाटेला जाऊच नका.

गोव्यात सापडणाऱ्या गोष्टी

१९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशभरच्या शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. अशा संगणकाची फ्लॉपी कुणाच्या कपाटात निघाली, तर तिच्यावर दोन मालकी असू शकतात: यंत्राची रॉम ते बनवणाऱ्या अ‍ॅकॉर्न कंपनीची आणि वरचा अभ्यासाचा प्रोग्रॅम दुसऱ्याचा. अ‍ॅकॉर्नचीच नंतरची ऑपरेटिंग सिस्टिम रिस्क ओएस २०१८ मध्ये अपाची या मुक्त परवान्याखाली आली म्हणून बीबीसी मायक्रोची रॉम आली असं समजू नये. सरकारी शाळेतल्या सरांनी नोकरीचा भाग म्हणून बेसिकमध्ये काही लिहिलं असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक सरकार ठरू शकतं. मग सरांची सही पुरत नाही, पर्वरीला शिक्षण संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो. तो मराठीत करता येतो. उत्तरासोबत इंग्रजी भाषांतर मात्र जोडा, तपासणाऱ्याला वाचता यायला हवं. माहिती अधिकारात मिळालेली प्रत ही परवानगी नव्हे, हेही सांगून ठेवतो.

पोर्तुगालहून नातेवाइकांनी आणलेला टाइमेक्स (स्पेक्ट्रमचा भाईबंद संगणक) कुणाकडे असेल तर थोडं जपून. टाइमेक्सच्या तिथल्या शाखेच्या टीसी २०६८ मध्ये सिंक्लेअरचं बेसिक वाढवलेलं होतं. अ‍ॅमस्ट्रॅडचा शब्द सिंक्लेअरच्या भागापुरता. वरच्या थराबद्दल वेगळं विचारायचं.

अर्जाचा क्रम

तुम्ही वेर्ण्याच्या किंवा कुठल्याही कंपनीत नोकरीला असाल, तर आधी करारपत्र काढा. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा कंपनी असते. काही करार घरी लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. तसं असेल तर एचआरकडून ना-हरकत घ्या.

मग रिपोर्टबग हे साधन वापरून डेबियनच्या डब्ल्यूएनपीपी या नियोजित पॅकेजांच्या यादीत आयटीपी, म्हणजे पॅकेज करण्याचा इरादा, नोंदवा. त्यात एम्युलेटरचं नाव, मूळ लेखक, परवाना आणि छोटं वर्णन लागतं. रॉमचा प्रश्न तिथेच उघड लिहा. लपवलेला नंतर सापडतोच. मूळ कोडसोबत वाटता न येणाऱ्या रॉम येत असतील तर त्या काढून संग्रह नव्यानं बांधायचा आणि आवृत्तीला ‘डीएफएसजी’ (डेबियनच्या मुक्ततेच्या निकषांचं लघुरूप) जोडायचं. पॅकेजच्या डेबियन फोल्डरात कॉपीराइट नावाची फाइल असते. तिच्यात फाइलगणिक मालक, वर्ष, परवाना आणि परवानगीच्या पत्राचा मजकूर जसाच्या तसा द्या. पत्रातले फोन नंबर आणि घरचे पत्ते आधी झाका, कारण हे सगळं जाहीर होणार आहे.

जीपीजी चावी (डिजिटल सहीची चावी) करून पॅकेजवर सही करा, नवख्यांसाठीच्या मेंटर्स सर्व्हरवर चढवा आणि प्रायोजक मागणारी आरएफएस नोंद करा. एखाद्या डेबियन डेव्हलपरनं ते हाती घेतलं की पॅकेज ‘न्यू’ रांगेत जातं. तिथे एफटीपीमास्टर, म्हणजे डेबियनचा संग्रह सांभाळणारे लोक, परवाने वाचतात. रांगेला ठरलेली मुदत नाही. नाकारलं तर कारण ईमेलनं येतं. बहुतेकदा ते कॉपीराइट फाइलीत राहून गेलेलं एखादं नाव असतं. दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं, त्याला मर्यादा नाही. डेबियनवर बेतलेल्या उबंटूसाठी वेगळा अर्ज सहसा लागत नाही, कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्रीमधलं तिकडे मल्टिव्हर्स विभागात उतरतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचं तसं नाही. रॉमवाचून न चालणाऱ्या एम्युलेटरांबाबत त्यांचे नियम अधिक कडक आहेत, तिथे पाठवायचं असेल तर त्यांची मार्गदर्शक तत्त्वं पॅकेज बांधायच्या आधी वाचा.