गटसीमांची पारगम्यता

आपल्या समाजगटातून वरच्या मानल्या गेलेल्या गटात जाता येईल की नाही, याविषयी माणसाच्या मनात असलेली समजूत. सामाजिक मानसशास्त्रातील ही संकल्पना हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सामाजिक अस्मितेच्या सिद्धांतातून रूढ झाली. दार खरोखर किती उघडे आहे, हा येथे दुय्यम प्रश्न. ते उघडे वाटले, तर माणूस एकट्याने आत शिरू पाहतो आणि स्वतःच्या गटाशी नाते सैल करतो. बंद वाटले, आणि ही उतरंड अन्याय्य आहे, हलवता येईल अशीही खात्री पटली, तर तो गटासोबत उभा राहतो.

खरी गंमत किलकिल्या दाराची आहे. राइट, टेलर आणि मोघद्दम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वरच्या गटात जाऊ पाहणाऱ्यांना प्रवेश नाकारण्यात आला. काहींना दार पूर्ण बंद असल्याचे सांगितले, काहींना फक्त २ टक्क्यांनाच प्रवेश असल्याचे. सामूहिक निषेधाकडे वळले ते पहिले. २ टक्केवाले बहुतांशी एकट्यानेच दाद मागत राहिले. चार जणांना आत घेऊन बाकीच्यांना गप्प बसवता येते ते असे.

महाराष्ट्रात ही जाणीव जुनी आहे. अठराव्या शतकात मुंबईतील सोनार ब्राह्मणी धाटणीने धोतर नेसू लागले, एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणू लागले. पेशवाईतून तक्रार आली आणि १७७९ मध्ये कंपनी सरकारने त्यांच्या नमस्कारावर बंदी घातली. एका शब्दासाठी सरकारी हुकूम काढावा लागला, म्हणजे सीमा अभेद्य नाही हे राखणदारांनाही ठाऊक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९२० मध्ये ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली: ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तरी दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

ताजफेल-टर्नर यांच्या मांडणीत गट सोडणे ही एकट्याची वाट आणि गटाचे स्थान बदलणे ही सर्वांची. नागपुरात सर्वांनी मिळून मनोराच सोडला; ही घटना या दोन्ही चौकटींत नीट मावत नाही.