करंगळी ऐकेनाशी होते तेव्हा

१९६४ साली पियानोवादक लिऑन फ्लायशर ३६ वर्षांचे होते. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा मुलगा चौथ्या वर्षी पियानोपुढे बसला, नवव्या वर्षी आर्टुर श्नाबेल यांच्याकडे शिकू लागला आणि १९५२ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. आता मात्र वाजवताना त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळहाताकडे वळू लागली. आयुष्यभर रियाजाने सगळं साधलेल्या माणसाने जे करावं तेच त्यांनी केलं, रियाज वाढवला. बोटं आणखीच वळली.

पियानो बोटांकडून काय मागतो ते आधी पाहू. पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. पलीकडे नमद्याने मढवलेली हातोडी तारांवर आपटते, पण आपटण्याच्या किंचित आधीच ती पट्टीपासून सुटलेली असते. म्हणजे सूर किती मोठा लागणार, हे हातोडी सुटतानाच्या वेगावर ठरून गेलेलं असतं. पेटीवर सूर लागल्यावरही भात्याने तो सांभाळता येतो, इथे ती सोय नाही. वादकाच्या हाती असतो तो क्षणाचा अगदी बारीक तुकडा.

आणि हे करायचं कशाने? तळहात टेबलावर टेकवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. बहुतेकांची ती हलतच नाही. बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापुढच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. हाताच्या पाठीवर या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. हे बांधकाम रियाजाने बदलत नाही. बदलतो तो मेंदू.

मेंदूत प्रत्येक बोटाची जागा वेगळी आखलेली असते. लहानपणापासूनच्या सरावाने हा नकाशा रेखीव होतो आणि दोन्ही हातांचा मेळ राखणारे मज्जातंतूंचे जुडगे बळकट होतात. पण हीच लवचीकता उलटूही शकते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात नॅन्सी बिल आणि मायकेल मर्झेनिक यांनी माकडांना एकच पकड पुन्हा पुन्हा, झपाट्याने करायला लावली. काही माकडांचा हात नीट चालेनासा झाला. त्यांच्या मेंदूतल्या बोटांच्या सीमा पुसट झाल्या होत्या, एका बोटासाठी असलेल्या पेशी अनेक बोटांच्या स्पर्शाला दाद देत होत्या.

फ्लायशरना झालेल्या विकाराचं नाव फोकल डिस्टोनिया. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला तो होतो असं मानतात. पुष्कळदा दुखत नाही, तोच हात शर्टाचं बटण सहज लावतो, वाद्यावर गेला की बिघडतो. सारखाच रियाज करणाऱ्या अनेकांना तो होतही नाही. त्यात आनुवंशिकतेचाही भाग दिसतो. त्यामुळे वादकाला ‘कमी मेहनत करतोस’ किंवा ‘जास्त केलीस’ म्हणून दोष देणं दोन्ही बाजूंनी चुकीचं, आणि क्रूरही. तरुण वादकांचं बोट असं हटून बसलं, तर त्यांच्यावर तासांची भर घालू नये, मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवावं, असं मला कळकळीने वाटतं. १८३० च्या सुमारास जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट असंच गेलं. त्यांनी बोटासाठी एक यंत्रही वापरून पाहिलं होतं. नेमकं कारण काय यावर आजही वाद आहे, पण वादक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

फ्लायशर निराशेच्या तळाशी गेले, आणि मग डाव्या हाताकडे वळले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विटगेनश्टाइनसाठी फ्रेंच संगीतकार राव्हेल यांनी केवळ डाव्या हाताची कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायची रचना, रचली होती. ती फ्लायशरनी कितीतरी वेळा वाजवली. बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत ते शिकवत राहिले, ऑर्केस्ट्राचं संचालनही करू लागले.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना बोट्युलिनम विषाची इंजेक्शनं मिळाली. स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं रसायन मज्जातंतूच्या टोकातून सुटू न देणं, हे या विषाचं काम. अगदी थोड्या मात्रेत, हट्टी स्नायूतच टोचलं, तर तो सैलावतो. जोडीला त्यांनी खोल मालिशही घेतलं. बोटं उलगडली. २००४ मध्ये सुमारे चाळीस वर्षांनी त्यांचं दोन्ही हातांनी वाजवलेलं ध्वनिमुद्रण आलं. पण मेंदूतला नकाशा विषाने दुरुस्त होत नाही आणि विषाचा अंमल काही महिन्यांतच ओसरतो. त्यामुळे सुई पुन्हा पुन्हा घ्यावी लागे, आणि ती घेऊन ते ऐंशी ओलांडल्यावरही दोन्ही हातांनी वाजवत होते.