स्की बनवणारे गेले कुठे? एका हंगामी धंद्याची पार्श्वभूमी

ठाण्यात बर्फ पडत नाही, पण बर्फावर मोठ्या झालेल्या कंपन्या इथे रोज भेटतात. रविवारी पहाटे येऊरला पळायला जाणाऱ्यांपैकी काहींच्या पायात सॉलोमनचे बूट असतात. टेनिस कोर्टावर विल्सनची नाहीतर हेडची रॅकेट असते. आणि गुलमर्गला स्कीइंग, म्हणजे पायाला लांब फळ्या (स्की) बांधून बर्फावर घसरणं, शिकून आलेला एखादा ठाणेकर ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये हमखास विचारतो, "पुढच्या वेळी स्वतःची स्की घ्यायची तर अ‍ॅटॉमिक बरी की सॉलोमन?"

दोघींचा मालक एकच. अ‍ॅमर स्पोर्ट्स. विल्सनही तिचीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात १३ डॉलरला विक्रीला आले आणि सूत्रं आहेत चीनच्या अँटा या बूट बनवणाऱ्या कंपनीकडे. ऑस्ट्रियातल्या आणि फ्रान्समधल्या डोंगराळ गावांत घरच्या वर्कशॉपमध्ये सुरू झालेले हे उद्योग इतके हात का बदलत गेले? माझ्या मते याचं उत्तर लोभात कमी आणि उधारीच्या वेळापत्रकात जास्त आहे.

हे वेळापत्रक असं. जानेवारी-फेब्रुवारीत व्यापारी प्रदर्शनं भरतात, तिथे दुकानदार पुढच्या हिवाळ्याच्या ऑर्डरी देतात. कारखाना उन्हाळाभर माल काढतो, शरदात पाठवतो आणि पैसे हातात येतात ते हिवाळा सुरू झाल्यावर. तोवर लाकूड, फायबरग्लास, पोलाद, पगार, सगळं बँकेच्या कर्जावर. जांभळी नाक्यावरच्या छत्री-रेनकोटच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मे महिन्यात दुकान भरायचं आणि मृग कोरडा गेला की माल उशाला घेऊन बसायचं. स्कीवाल्याचं दुखणं त्याहून एक पायरी वाईट असतं. बर्फ पडला नाही तर दुकानदाराकडे माल पडून राहतो, म्हणून तो पुढच्या वर्षीची ऑर्डरही कापतो. म्हणजे एका कोरड्या हिवाळ्याचा फटका कारखान्याला दोनदा बसतो, आणि दुसऱ्यांदा बसतो तेव्हा बाहेर कदाचित धो धो बर्फ पडत असतो.

सुरुवातीच्या विक्रीत मात्र संकटापेक्षा संस्थापकांचा थकवा आणि मोठ्या कंपन्यांची हौस जास्त दिसते. हॉवर्ड हेड हे अमेरिकेतले विमान अभियंते. लाकडी स्कीवर आपल्याला धड घसरता येत नाही याचा राग त्यांनी स्कीवरच काढला आणि विमानात वापरतात तशा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची स्की बनवायला घेतली. १९४७-४८ च्या हिवाळ्यातल्या पहिल्या जोड्या डोंगरावर नेताच मोडल्या. मग नवा नमुना, पुन्हा प्रशिक्षकाच्या हाती, पुन्हा तुकडे. अखेर मधे प्लायवूडचा गाभा, वर-खाली धातूचा पत्रा आणि कडेला पोलादाची पट्टी अशी रचना टिकली. ती इतकी सहज वळायची की जुनेजाणते स्कीपटू तिला लबाडी म्हणायचे. १९६९ मध्ये हेड यांनी कंपनी एएमएफला विकली. एएमएफ म्हणजे बोलिंगची यंत्रं बनवणारा समूह, ज्याने त्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसनही घेतली. हेड स्वतः टेनिसकडे वळले आणि मोठ्या डोक्याची रॅकेट त्यांनी प्रिन्स या वेगळ्याच कंपनीसाठी आणली.

के-टूची वंशावळ तर वाचताना हसू येतं. बिल किर्शनर यांचं घराणं वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॅशॉन बेटावर फायबरग्लासचे प्राण्यांचे पिंजरे आणि हाड मोडल्यावर बांधायच्या पट्ट्या बनवायचं. त्याच सामानातून त्यांनी स्की काढली आणि १९६२ मध्ये कंपनी उभी राहिली. १९७० मध्ये ती घेतली कमिन्सने. होय, डिझेल इंजिनवाली कमिन्स, आपल्या पुण्यात कोथरूडला असलेली. इंजिनवाल्यांना बर्फात काय रस, असा प्रश्न पडतो. पण तेव्हा अमेरिकेत कोणतीही कंपनी कोणताही धंदा घ्यायची. सहा वर्षांत कमिन्सने ती सोडली. १९८५ मध्ये के-टू गेली पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या अँथनी इंडस्ट्रीजकडे, आणि पुढे १९९६ मध्ये या तलाववाल्यांनीच स्वतःचं नाव बदलून के-टू ठेवलं. २००७ मध्ये जार्डन या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या समूहाने सुमारे १.२ अब्ज डॉलरना ती घेतली. २०१६ मध्ये जार्डन नेवेलमध्ये विलीन झाली, म्हणजे काही काळ के-टूची स्की आणि आपल्या खिशातलं पार्कर पेन एकाच मालकाचं होतं. दुसऱ्याच वर्षी नेवेलने हा सगळा हिवाळी पसारा कोलबर्ग या गुंतवणूक कंपनीला विकला. त्यात जर्मनीची स्की बनवणारी फोल्कलही होती, कारण ती के-टूने २००४ मध्ये आपल्यात घेतली होती.

खरी पडझड झाली १९८० च्या दशकाच्या शेवटी. आल्प्समध्ये लागोपाठचे हिवाळे कोरडे गेले. त्याच सुमारास तरुण पोरं स्नोबोर्डकडे, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर ठेवून घसरण्याकडे, वळली. आणि १९९० च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलानने कमरेत बारीक, टोकांना रुंद अशी खोल वक्राची स्की आणली. ती आपोआप वळण घ्यायची, नवख्यालाही जमायची. स्कीपटूंसाठी हे वरदान होतं, कारखान्यांसाठी भुर्दंड. कारण स्की साच्यात दाबून बनते आणि प्रत्येक लांबीला वेगळा साचा लागतो. जुने सरळ साचे भंगारात, नव्यांसाठी पुन्हा कर्ज. ज्यांच्या पाठीशी दुसरा धंदा नव्हता त्यांचं कंबरडं इथेच मोडलं.

अ‍ॅटॉमिकचं उदाहरण चटका लावणारं आहे. आलोइस रोरमोझर हे गाड्यांची चाकं बनवणारे सुतार. १९५५ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियातल्या वाग्राइनला स्की बनवायला घेतली. शेजारच्या क्लाइनआर्लची आनमारी मोझर-प्रोल त्यांच्या स्कीवर जगज्जेती झाली. विश्वचषकाच्या ६२ शर्यती तिच्या नावावर आहेत. गावची स्की, गावची पोर, जाहिरात वेगळी करायला नको. तरीही १९९४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कारखाना रोरमोझर यांच्या हातून सुटला.

तो घेतला अ‍ॅमरने. ही फिनलंडची कंपनी, १९५० मध्ये सिगारेटी बनवण्यासाठी स्थापन झालेली. हेड कंपनीही एव्हाना ऑस्ट्रियाच्या सरकारी तंबाखू कंपनीकडे आली होती आणि १९९५ मध्ये तिथून योहान इलियाश यांनी ती उचलली. (हेच इलियाश २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष झाले.) दोन तंबाखूवाले एकाच काळात स्कीमध्ये शिरावेत यात योगायोग थोडाच होता. तंबाखूत रोकड भरपूर आणि भवितव्य अंधारलेलं. स्कीत नेमकं उलट वाटत होतं. अ‍ॅमरचं गणित तर नेटकं होतं: १९८९ मध्ये घेतलेली विल्सन उन्हाळ्यात पैसा आणणार, अ‍ॅटॉमिक हिवाळ्यात.

सॉलोमननेही हाच विचार केला होता, फक्त बाजू बदलून. १९४७ मध्ये फ्रान्समधल्या आनसीत करवतीची पाती आणि स्कीच्या कडा बनवण्यापासून सुरू झालेल्या या घराण्याने बूट स्कीला बांधणाऱ्या बाइंडिंगमध्ये नाव काढलं आणि १९८४ मध्ये गोल्फची टेलरमेड घेतली. १९९७ मध्ये आदिदासने सॉलोमन विकत घेतली. २००५ मध्ये आदिदासने गोल्फ ठेवून घेतलं आणि बर्फाचा भाग ४८.५ कोटी युरोंना अ‍ॅमरला देऊन टाकला. कोणाला काय हवं होतं हे एवढ्यावरूनच कळतं.

त्याच वर्षी समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्यांना कपडे विकणाऱ्या क्विकसिल्व्हरने १९०७ पासूनची फ्रान्सची स्की कंपनी रोसिन्योल घेतली. लाटा आणि बर्फ, दोन हंगाम, एक तरुण ग्राहक, कागदावर झकास. मग युरोपात २००६-०७ चा हिवाळा उबदार गेला. कंपनी विकायला काढली तेव्हा १० कोटी युरो ठरले, आणि २००८ च्या मंदीत सौदा ४ कोटींवर आला. कपड्यांच्या धंद्यात माल त्यापेक्षा लवकर फिरतो. वर्षभर उधारीवर तग धरायची सवय त्या कंपनीला नव्हती.

छोट्या नव्या कंपन्यांची गोष्ट थोडी वेगळी. अर्माडा २००२ मध्ये स्कीपटूंनीच काढली. टॅनर हॉल आणि जेपी ऑक्लेर त्यात होते. २०१७ मध्ये तीही अ‍ॅमरकडे गेली. लाइन ही कंपनी जेसन लेव्हिन्थल यांनी १९९५ मध्ये सुरू केली, ती २००६ मध्ये के-टूने घेतली. पुढे लेव्हिन्थल बाहेर पडले आणि २०१३ मध्ये पुन्हा शून्यापासून जे स्कीज सुरू केली. स्की थेट ग्राहकाला विकायच्या, थोड्या थोड्या संख्येने बनवायच्या. दुकानदाराच्या ऑर्डरींच्या चक्रातून सुटण्याचा हा मार्ग इंटरनेटमुळेच शक्य झाला.

विक्रीनंतर काय बदलतं? बहुतेकदा पत्ता. के-टूचं उत्पादन २००१ मध्ये चीनला गेलं. अ‍ॅमरने सॉलोमनच्या स्की अ‍ॅटॉमिकच्याच आल्टनमार्कटच्या कारखान्यात न्यायला घेतल्या आणि फ्रान्समधला रुमियीचा कारखाना २००८ मध्ये बंद झाला. त्यामुळे ग्रुपमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर ब्रँडच्या नावात शोधू नये. दोन्हींच्या रचना वेगळ्या असतात, हे खरं. पण मधला गाभा कोणता, धातूचा थर आहे की नाही आणि वळणाची त्रिज्या किती, हे बघितलेलं बरं.

अँटाच्या नेतृत्वाखालच्या गटाने २०१९ मध्ये ४.६ अब्ज युरो मोजून अ‍ॅमर घेतली, तेव्हा बीजिंगचं २०२२ चं हिवाळी ऑलिंपिक समोर होतं आणि ३० कोटी लोकांना हिवाळी खेळांकडे आणायचं चीन सरकारने जाहीर केलं होतं. त्यानंतर झालं असं, की अ‍ॅमरची कमाई वाढली ती मुख्यतः तिच्याच आर्कटेरिक्स या ब्रँडच्या जॅकेटांवर आणि सॉलोमनच्या बुटांवर. सुंटो हा घड्याळांचा ब्रँड तिने २०२२ मध्ये विकून टाकला. स्की अजून बनतात, शर्यतीही जिंकतात, पण घर चालतं जॅकेटांवर आणि बुटांवर. बुटांना बर्फ लागत नाही. गुलमर्गला जानेवारी २०२४ चा बहुतेक महिना कोरडा गेला, उतार उघडे पडले आणि पर्यटकांनी बुकिंग रद्द केली, तेव्हा येऊरच्या पायवाटेवर मात्र नेहमीइतकीच गर्दी होती.