बक्षीस आवडीचंच लागतं का?

‘मुलाला जे सर्वांत जास्त आवडतं, त्याचंच बक्षीस चालतं.’ घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा सल्ला दर परीक्षेआधी फिरतो. पटण्यासारखा आहे, आणि बऱ्याचदा लागूही पडतो. म्हणूनच तो टिकलाय.

पण आवड हे अर्धंच कारण. 1974 साली वर्तन-अभ्यासकांनी वेगळा मुद्दा मांडला: मोकळं सोडलं असता माणूस एखादी गोष्ट जितकी करतो, त्यापेक्षा ती कमी मिळू लागली की तीच बक्षीस बनते. मग ती कमी आवडीची का असेना.

समजा, सहावीतला मुलगा रोज संध्याकाळी पोडियमवर 60 मिनिटं सायकल फिरवतो आणि 20 मिनिटं गोष्टीचं पुस्तक वाचतो. सायकल जास्त लाडकी, हे उघड आहे. आता नियम केला: 60 मिनिटं सायकल फिरवलीस तर 10 मिनिटं वाचायला मिळेल. नेहमीच्या सायकलीत वाचन निम्म्यावर आलं! ते भरून काढायला तो सायकल जास्त फिरवेल, म्हणजे इथे बक्षीस पुस्तकाचं झालं. त्याच 60 मिनिटांना 20 मिनिटं वाचन दिलंत, तर काहीच हलणार नाही. त्याला कमी काहीच पडलेलं नाही.

घरी पडताळायचं तर आधी आठवडाभर काही न बोलता दोन्हींची मिनिटं कॅलेंडरवर लिहा (हेच सर्वांत अवघड). मग नियम लावा आणि पुन्हा मोजा. मोबाइल पूर्ण काढून घेणं मात्र यात बसत नाही. परत मिळवायची वाटच नसेल, तर मूल कशासाठी खटपट करेल?