विद्यापीठांची स्थापना वर्षं: समित्यांनी ठरवलेला इतिहास

विद्यापीठाच्या बोधचिन्हाखालचं साल आपण जन्मतारखेसारखं वाचतो. खूप जुन्या विद्यापीठांच्या बाबतीत मात्र ते बरेचदा कुठल्यातरी समितीने, शतकं उलटून गेल्यावर ठरवलेलं असतं.

इटलीतल्या बोलोन्याचं १०८८ हे साल त्यातलंच. त्या वर्षी ना सनद निघाली, ना कुणी पाया घातला. कायदा शिकवणारे शिक्षक आणि त्यांच्याभोवती जमणारे विद्यार्थी यांच्यातून ते विद्यापीठ हळूहळू उभं राहिलं. कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या समितीने एकोणिसाव्या शतकात १०८८ नक्की केलं आणि १८८८ मध्ये आठशे वर्षांचा सोहळा थाटात पार पडला. इटलीचं एकीकरण नुकतंच झालेलं; नव्या राष्ट्राला जुना वारसा दाखवायला हे साल फारच सोयीचं होतं. मोरोक्कोतली अल्-करवियीन ही संस्था ८५९ सांगते, पण ते तिच्या मूळ मशिदीच्या स्थापनेचं साल. म्हणजे कुणाला ‘विद्यापीठ’ म्हणायचं यावरच सगळं येऊन ठेपतं.

ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तर कमालच केली. चौदाव्या शतकात मालमत्तेच्या खटल्यात सापडल्यावर या कॉलेजने दुसऱ्या रिचर्ड राजाकडे दाद मागितली आणि आपली स्थापना थेट नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाने केल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात कॉलेज उभं राहिलं ते १२४९ मध्ये वारलेल्या डरहॅमच्या विल्यमने मागे ठेवलेल्या पैशांतून. पण थाप टिकली. १७२७ मध्ये न्यायालयानेही ती उचलून धरली आणि १८७२ मध्ये कॉलेजने चक्क हजार वर्षं पूर्ण झाल्याचा समारंभ केला!

अमेरिकेत प्रश्न मानापानाचा होता. समारंभाच्या मिरवणुकीत पाहुण्या विद्यापीठांचा क्रम वयानुसार लावायचा, असं १८९५ मध्ये ठरलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ तोवर १७४९ हे साल सांगे. प्रिन्स्टनचं होतं १७४६. मग १८९९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विश्वस्तांनी १७४० हे साल स्वीकारलं. आधार काय, तर बेंजामिन फ्रँकलिन यांच्या अकादमीने (पुढे तिचंच हे विद्यापीठ झालं) जी इमारत घेतली, ती मुळात १७४० च्या धर्मादाय शाळेच्या योजनेतली होती. प्रिन्स्टन एका ठरावानिशी मागे पडलं. हार्वर्डच्या आवारातल्या पुतळ्यावर ‘जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८’ असं कोरलंय. पण हार्वर्ड हे संस्थापक नव्हेत, देणगीदार. कॉलेजची स्थापना १६३६ ची. आणि त्यांचं एकही चित्र उपलब्ध नसल्याने पुतळ्याचा चेहराही दुसऱ्याचाच. ‘तीन थापांचा पुतळा’ हे त्याचं टोपणनाव विद्यापीठात कौतुकानेच सांगतात.

सालाची जागा पुढे नोबेलच्या आकड्याने घेतली. शांघायच्या जियाओ टोंग विद्यापीठाने २००३ मध्ये जागतिक क्रमवारी काढली, तिच्यात पुढच्या वर्षापासून माजी विद्यार्थी आणि अध्यापकांच्या नोबेल व (गणितातल्या) फील्ड्स पदकांना मिळून ३० टक्के वजन होतं. त्यामुळे जुना विजेता कोणाच्या खात्यावर मांडायचा, याला एकदम किंमत आली. १८१० चं बर्लिन विद्यापीठ दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व बर्लिनमध्ये राहिलं आणि त्याचं नाव हम्बोल्ट विद्यापीठ झालं. पश्चिम बर्लिनमध्ये १९४८ मध्ये फ्री युनिव्हर्सिटी निघाली. आइन्स्टाईनसह जुन्या विजेत्यांवर दोघींनीही हक्क सांगितला, खरं तर फ्री युनिव्हर्सिटी निघाली तेव्हा आइन्स्टाईन यांना बर्लिन सोडून पंधराहून अधिक वर्षं झाली होती. वाद एवढा चिघळला की काही काळ त्या क्रमवारीत दोन्ही विद्यापीठांची नावंच नव्हती.